हर्मिट खेकडा पाळायचाय? आधी गोड्या पाण्याचा हिशेब करा

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर" ही म्हण आपण बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी राखून ठेवली आहे. पण विंचवाच्या पाठीवर असतात ती त्याची पिल्लं. खरोखर घर पाठीवर घेऊन हिंडणारा प्राणी म्हणजे हर्मिट खेकडा. मेलेल्या समुद्री गोगलगाईच्या रिकाम्या शंखात मागून शिरायचं, डोळे, नांग्या आणि चालायचे पाय तेवढे बाहेर ठेवायचे आणि शंखासकट चालू लागायचं, हा त्याचा संसार.

लातुरात माझ्या हॉलच्या कोपऱ्यात शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. घरी येणारा माणूस आधी विचारतो, "समुद्राचं पाणी आणता कुठून?" मग काचेला नाक लावून, "अन् हे शंख चालायलेत कसे?" आणि चहा संपेपर्यंत तिसरा प्रश्न येतोच, "मला पण चार मागवून द्या की." हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नासाठी.

दुकानात हर्मिट विकला जातो तो 'सफाई कामगार' म्हणून. काचेवरचं शेवाळ खातो, माशांनी सांडलेलं खातो, वाळू उकरतो, त्यामुळे टाकी साफ राहते असं सांगतात. खोटं नाही ते. पण त्यामुळे माणूस केरसुणी आणावी तसे डझनभर हर्मिट आणतो आणि विसरतो. घरच्या टाकीत हे खेकडे रोगाने फारसे जात नाहीत. ते जातात पाण्यातलं मीठ झटक्यात वरखाली झाल्यामुळे, शेवाळ संपल्यावर उपाशी राहिल्यामुळे आणि अंगाला होईल असा शंख न मिळाल्यामुळे. या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

नावात खेकडा असला तरी हा पुरता खेकडा नव्हे. ओढ्यातल्या आपल्या काळ्या खेकड्याचं पोट घडी घालून छातीखाली दाबलेलं असतं आणि वरून टणक कवच. हर्मिटचा पुढचा भाग कवचाचा, पण पोट मऊ, लांबट, उघडं आणि एका अंगाला वळलेलं. पाय दहाच. पहिली जोडी नांग्यांची, पुढच्या दोन जोड्या चालायच्या आणि मागच्या दोन जोड्या अगदी आखूड, त्यांनी तो शंख आतून धरून ठेवतो. शेपटीच्या टोकाला आकड्यासारखे अवयव असतात, त्यांनी शंखाच्या मधल्या खांबाला घट्ट पकडतो. म्हणून लेकरांना एवढं आधी सांगून ठेवा, की खेकड्याला ओढून शंखाबाहेर काढायचं नाही. तो तुटेल, पण सोडणार नाही.

पोट ज्या अंगाला वळलेलं असतं तेही मजेशीर आहे. जगातले बहुतेक सगळे शंख एकाच दिशेने वळलेले असतात आणि हर्मिटचं पोट त्याच वळणाला जुळलेलं. आपल्याकडे दक्षिणावर्ती शंखाला एवढा मान आहे तो याच कारणाने, की तो नेहमीच्या उलट वळतो आणि क्वचित सापडतो. देवघरातला तो मौल्यवान शंख हर्मिटला फुकट दिला तरी त्याच्या दृष्टीने गैरसोयीचंच घर.

शंख वाढत नाही, खेकडा वाढतो. म्हणजे घर बदलणं आलं. नवीन शंख दिसला की हर्मिट आधी तो नांगीने चाचपतो, गोल फिरवून बघतो, शंखाच्या तोंडात नांगी घालून आत काही अडकलंय का ते तपासतो. हे बराच वेळ चालतं. मग एका क्षणात जुन्यातून पोट उपसून नव्यात. त्या क्षणी तो सगळ्यात उघडा असतो, म्हणून इतकी घाई. नव्यात शिरल्यावर पटलं नाही तर पुन्हा जुन्यात. भाड्याची खोली बघायला गेलेल्या माणसासारखं सगळं.

लातूरकरांना पुढची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. उन्हाळा संपता संपता आपल्या शिकवणीच्या गल्ल्यांमध्ये काय होतं? परीक्षा झालेला मुलगा मोठी खोली सोडतो, त्याच्या मागे लहान खोलीतला तिथे जातो, त्या लहान खोलीत कॉट बेसिसवाला येतो, आणि एका खोलीमुळे चार जणांचं सामान हलतं. हर्मिट खेकडे हुबेहूब हेच करतात. किनाऱ्यावर एक मोठा शंख रिकामा झाला की आजूबाजूचे खेकडे जमतात, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळ लागते, आणि पहिल्याने घर बदललं की त्याच्या जागी दुसरा, दुसऱ्याच्या जागी तिसरा. शास्त्रज्ञांनी याचा नीट अभ्यास केला आहे.

पण घरं कमी पडली की हेच शहाणे खेकडे गुंड होतात. एक हर्मिट दुसऱ्याच्या शंखावर आपला शंख ठकठक आपटत राहतो, आतला कंटाळून बाहेर पडेपर्यंत. आणि टाकीत जिवंत गोगलगाय असेल तर तिला खाऊन तिचं घर घेतो. माझ्याकडे काच साफ करायला आणलेल्या तीन गोगलगाई अशाच गेल्या. दोष खेकड्याचा नव्हता, मी एकही रिकामा शंख ठेवला नव्हता. तेव्हापासून माझा नियम असा, की एका खेकड्यामागे निदान तीन रिकामे शंख, सध्याच्या घरापेक्षा थोडे थोडे मोठे, गोल तोंडाचे. रंगवलेले, वॉर्निश मारलेले शंख अजिबात नकोत, रंग सुटून पाण्यात येतो. शंख आधी नीट उकळून घ्यावेत.

इथे आपल्या भागातला एक मोह टाळायचा. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगाईंनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, ते कुणी विसरलेलं नाही. बांधावर तिचे रिकामे शंख पडलेले असतात आणि फुकटात घर मिळालं असं वाटतं. पण त्या गोगलगाईसाठी शेतात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकलेल्या असतात, शिवाय वरून कीटकनाशकाच्या फवारण्या. असा शंख टाकीत घालू नये.

आता पाणी. या लेखाचा अर्धा जीव इथे आहे.

"समुद्राचं पाणी" म्हणजे पाण्यात मीठ, एवढं सोपं ते नाही. लोणारचं सरोवर आपल्या शेजारीच आहे. तेही खारं, पण त्याचा पीएच १० च्या आसपास, समुद्राचा ८.१ ते ८.३. लोणारच्या पाण्यात समुद्राचा मासा जगणार नाही. समुद्रात सोडियम आणि क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट ठरावीक प्रमाणात असतात. म्हणून स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, बाजारात टाकीसाठी तयार समुद्री मीठ मिळतं तेच लागतं. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो. प्रमाण मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. एक थेंब टाकून डोळ्याला लावायचं छोटं यंत्र आहे. विशिष्ट घनता, म्हणजे साध्या पाण्याच्या तुलनेत हे पाणी किती जड, ती १.०२५ च्या जवळ हवी. या एका वस्तूवर पैसे वाचवू नका, भले दिवा साधा घ्या.

मीठ ज्या पाण्यात घालायचं तेही कोरं हवं. आपल्या बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून आलेलं, त्याने गिझरच्या कॉइलवर आणि चहाच्या पातेल्यावर पांढरा थर धरतो. त्यात काय काय किती आहे ते टँकर बदलला की बदलतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन. जारचं पाणी पिण्याला बरं असेल, पण एका जारचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ४० तर दुसऱ्याचा १५०. टाकीसाठी आरओचं पाणी, आणि जमलं तर त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारी डीआयची नळी लावून टीडीएस शून्याला टेकवलेलं. यात आरओ एक लिटर चांगलं देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ते वाया जाऊ देऊ नका, फरशी, संडास, गाडी, सगळ्याला चालतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे शहर आहे. ज्याच्या घरी उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी नळ येतो त्याने ही हौस करावी का, हा प्रश्न मी स्वतःला दरवर्षी मार्चमध्ये विचारतो. लहान टाकी ठेवली आणि आरओचं सांडपाणी वापरलं तर माझं मन मला परवानगी देतं. तीनशे लिटरची टाकी मी इथे ठेवणार नाही.

आता ज्या चुकीने सगळ्यात जास्त खेकडे मरतात ती बघू. टाकीतलं पाणी रोज उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, आमटी आटली की खारट होते तसं. आता पाणी कमी झालं म्हणून माणूस काय करतो? समुद्राची टाकी आहे, मग मिठाचंच पाणी ओततो. मीही पहिल्या उन्हाळ्यात तेच केलं. हिशेब करू. शंभर लिटरमध्ये साडेतीन किलो मीठ. मे महिन्यात रोज तीन लिटर उडतं असं धरा, दहा दिवसांत तीस लिटर. तेवढंच खारं पाणी भरलं तर मीठ आणखी एक किलो पन्नास ग्रॅम वाढलं. ३५ ग्रॅमचं पाणी दहा दिवसांत साडेपंचेचाळीसवर. तांबडा समुद्रसुद्धा इतका खारट नसतो. समुद्रातल्या बहुतेक खेकड्यांच्या अंगातल्या रसाचा खारटपणा बाहेरच्या पाण्याबरोबर चालतो. बाहेर हळूहळू बदललं तर ते थोडंफार निभावून नेतात, एकदम बदललं तर मरगळतात, शंखातून अर्धे बाहेर येऊन पडतात आणि जातात.

तेव्हा उडालेल्या पाण्याच्या जागी कोरं, बिनमिठाचं पाणी. काचेवर मार्करने एक खूण करा आणि रोज सकाळी त्या खुणेपर्यंत भरा. पंधरा दिवसांतून एकदा दहा लिटर जुनं पाणी काढून तेवढंच नवीन मीठपाणी घालायचं, ते वेगळं काम. या दोन कामांची गल्लत झाली की टाकी गेली.

म्हणजे गंमत अशी, की समुद्र घरात ठेवायला रोज लागतं ते गोडं पाणी.

उन्हाची मात्र वाटते तेवढी भीती बाळगायचं कारण नाही. हर्मिटला २४ ते २७ अंश सोयीचे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२. मुंबईचा एक मित्र म्हणायचा, "तुमच्याकडे चिलरशिवाय, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राशिवाय, अशक्य." पण त्याच्याकडे हवा दमट, आपली कोरडी. माठातलं पाणी लातुरात जितकं गार होतं तितकं दादरला होत नाही. टाकीवर दोन लहान पंखे तिरके लावले की तेच तत्त्व कामाला येतं. एक लिटर पाणी उडताना इतकी उष्णता घेऊन जातं, की शंभर लिटर पाणी सुमारे सहा अंशांनी उतरावं. अर्थात खोलीची उष्णता परत आत येतच असते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-चार अंशांचा फरक पडतो. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, कुलरच्या खोलीत ठेवली तर तेवढ्यावर भागतं. किंमत मात्र पुन्हा गोड्या पाण्यातच मोजायची, पंखा लावला की उडणं वाढतं.

वीज गेली तर आधी काय वाचवायचं? दिवा नाही, हीटर नाही, पाण्याची हालचाल. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि पाणी थांबलं की तोही संपतो. इन्व्हर्टरवर फक्त पंप घ्या, नाहीतर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप शंभर जागी उपयोगी पडतो.

नव्या टाकीत खेकडा लगेच सोडायचा नाही. मासे आणि खेकडे अमोनिया सोडतात, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, दुसरे त्याचं नायट्रेट, ते बरंच सौम्य. हे जिवाणू खडकावर आणि वाळूत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुधात विरजण घातल्यावर आपण भांडं हलवत नाही, तसंच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, काचेवर तपकिरी आणि मग हिरवं शेवाळ आलं, की हर्मिटच्या जेवणाची सोय झाली. आणल्यावर पिशवी तशीच उपडी करू नका. पिशवीतलं पाणी लहान बादलीत घ्या आणि मेडिकलमध्ये मिळणारी सलाईनची नळी लावून टाकीतलं पाणी थेंबथेंब त्यात सोडा, तास-दीड तास. मग खेकडा उचलून टाकीत, पिशवीचं पाणी मोरीत.

तांब्याबद्दल एक गोष्ट शेतकऱ्याच्या घरात लवकर कळेल. डाळिंबावर, द्राक्षावर आपण मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतो, कारण तांबं बुरशीला मारतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर मिळणाऱ्या कित्येक औषधांत हेच तांबं असतं. मासा ते सोसतो, खेकडा आणि प्रवाळ सोसत नाहीत. हर्मिटच्या स्वतःच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ तांब्याचाच आहे, तरीही पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला विष. औषध द्यायचं तर मासा वेगळ्या टबात काढून द्या. पाणी साठवायला तांब्या-पितळेचा हंडा, कळशी नको. आणि डासांची कॉइल, लिक्विड, झुरळांचा फवारा त्या खोलीत बंद. या औषधांतले पायरेथ्रॉइड किड्यांसाठी बनवलेले असतात आणि खेकडा हा किड्यांचा जवळचा नातलग आहे.

कोणता घ्यावा? निळ्या पायांचा छोटा हर्मिट कॅरिबियन समुद्रातला, नखाएवढा, चपळ आणि भांडखोर. लालभडक पायांचा स्कार्लेट तोही तिकडचाच, संथ आणि गरीब स्वभावाचा. माझं मत विचाराल तर स्कार्लेट. केशरी-तांबड्या पट्ट्यांचा हॅलोविन हर्मिट हिंदी आणि प्रशांत महासागरातला, त्याचं अंग चपटं असतं कारण तो चिरेसारख्या तोंडाच्या कोन शंखात राहतो. त्याला गोल शंख देऊन उपयोग नाही. लाल अंगावर काळ्या कडांचे पांढरे ठिपके असलेला दार्दानस दुकानात लहान आणि गोजिरा दिसतो, पुढे हाताच्या पंजाएवढा होतो आणि जे हाताला लागेल ते खातो. तो नको. शंभर लिटरला पाच-सहा लहान हर्मिट पुष्कळ झाले.

कोकणच्या सहलीत तारकर्लीच्या वाळूवरून चालणारे शंख बाटलीत घालून आणायचे नाहीत. एक तर वाळूवर कोरड्यात फिरणारा जमिनीवरचा हर्मिट निघाला तर तो टाकीत बुडून मरेल. दुसरं म्हणजे त्या किनाऱ्यावरचे रिकामे शंखसुद्धा कुणाचं तरी पुढचं घर असतं. प्रवाळाचं तर कायद्याचंच काम आहे. भारतातले सगळे दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या शेजारी. ते समुद्रातून काढणं, विकणं गुन्हा आहे. कारखान्यात बनवलेला सच्छिद्र खडक वापरा. हर्मिटला प्रवाळाचं कौतुक नसतं, त्याला शेवाळ धरेल असा खडबडीत दगड हवा.

आपल्या ओढ्यातली खेकडी पोटाखाली पिल्लं घेऊन फिरते, ती पिल्लं जन्मतःच छोटे खेकडे असतात. हर्मिटचं तसं नाही. त्याच्या अंड्यातून निघालेले डिंभक कित्येक आठवडे उघड्या समुद्रात तरंगत, रूपं बदलत वाढतात. घरच्या टाकीत ते फिल्टरमध्ये जातात. त्यामुळे दुकानातला जवळजवळ प्रत्येक हर्मिट समुद्रातून पकडून आणलेला असतो. म्हणून मी डझनावर घेण्याच्या विरुद्ध आहे.

खाण्याचं थोडक्यात. शेवाळ आहे तोवर ते खातील. काच चकचकीत दिसायला लागली की आठवड्यातून दोनदा तळाला बसणारे दाणे, सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा किंवा ताज्या कोळंबीचा हरभऱ्याएवढा तुकडा. बाजारातली खारवलेली सुकट नको. दोन तासांत न खाल्लेलं काढून टाका.

एक दिवस सकाळी टाकीच्या तळाशी आख्खा खेकडा उलटा पडलेला दिसेल. डोळे, नांग्या, मिशा, सगळं जागच्या जागी. घरात रडारड होते. थांबा. चमच्याने उचलून बघा. हलका, पोकळ आणि पारदर्शक असेल तर ती कात आहे. सापासारखीच हा जुनं कवच सोडतो. मेलेला खेकडा जड असतो आणि त्याला वास सुटतो, शंका राहत नाही. कात टाकलेला कुठेतरी खडकाच्या फटीत बसलेला असतो, अंग मऊ असतं म्हणून दोन-चार दिवस बाहेर येत नाही. दगड हलवून त्याला शोधू नका. बाकीच्यांना तो सापडला तर ते त्याला खातील. तुटलेला पाय असेल तर पुढच्या एक-दोन कातींत परत येतो.

राहिला गावी जाण्याचा प्रश्न. खेकडा आठवडाभर उपाशी राहील, पाण्याची पातळी राहणार नाही. दिवाळीत मी शेजारच्या काकूंना किल्ली देतो. आरओच्या पाण्याचे सात कॅन भरून, त्यांवर वार लिहून ठेवतो, आणि मिठाचा डबा कपाटात कुलपात.

"काकू, रोज एक कॅन. खुणेच्या वर नाही. खायला काही टाकू नका."

"अरे पण खाऱ्या पाण्यात साधं पाणी? मरायचे की बिचारे."

"नाही काकू, साधंच."

परत आलो तेव्हा सगळे कॅन रिकामे होते, रिफ्रॅक्टोमीटर १.०२५ दाखवत होता, आणि तळाला शेवेचे दोन तुकडे भिजून पडले होते. एक हर्मिट त्यांच्यावर चढून बसला होता.